पायथन ३.१५ मधला युटीएफ-८ चा बदल : पार्श्वभूमी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१५ ही आवृत्ती वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबर २०२६ मध्ये यायची आहे. तिच्या बदलांच्या यादीत एक ओळ आहे, जी फक्त इंग्रजीत काम करणारा प्रोग्रामर न थांबता ओलांडून जाईल. ओपन() ने फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) सांगितलं नसेल, तर यापुढे कुठल्याही मशीनवर ते युटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडची पद्धत) धरलं जाईल. आजवर ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या सेटिंगवरून ठरायचं. लिनक्स आणि मॅकवर ते सेटिंग बहुतेक वेळा युटीएफ-८ च असतं, त्यामुळे तिथे कुणाला काही जाणवणार नाही. विंडोजवर मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी मात्र हा या आवृत्तीतला सर्वांत मोठा बदल आहे.

का, ते दोन गावांच्या नावांवरून कळतं. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही वेगळी चिन्हं धरायची. षोडशमान पद्धतीत (१६ च्या पायाची, ए ते एफ हेही अंकच) लिहिलं तर पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा ८० ते बीएफच्या दरम्यान. आपल्याकडच्या अनेक विंडोज मशीनवर भाषा ‘इंग्रजी (भारत)’ असते आणि तिचं एएनएसआय कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर, याचा विंडोजचा जुना तक्ता) १२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय. एन्कोडिंग न सांगता उघडलेली फाईल पायथन ३.१४ पर्यंत याच तक्त्याने वाचतो. या तक्त्यात २५६ जागा आहेत आणि त्यांपैकी पाच रिकाम्या: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी.

आता ‘नाशिक’ घ्या. पाच चिन्हं, १५ बाइट. या पंधरांपैकी एकही बाइट रिकाम्या जागेवर पडत नाही. त्यामुळे पायथन कसलीही तक्रार न करता १५ निरर्थक लॅटिन अक्षरं हातात देतो आणि प्रोग्राम पुढे चालू राहतो. ‘पुणे’ घेतलं तर ऱ्हस्व उकार ई० ए५ ८१ असा येतो. ८१ ची जागा रिकामी, म्हणून पाचव्या स्थानावर (मोजणी शून्यापासून) युनिकोड-डीकोड-एरर येते आणि प्रोग्राम थांबतो. ‘कोल्हापूर’मध्ये हलन्ताचा तिसरा बाइट ८डी आहे, तिथे अकराव्या स्थानावर तेच होतं. म्हणजे जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार असलेला मजकूर अडतो; झ, ए आणि ऐ यांचंही तसंच. ‘सांगली’, ‘सातारा’, ‘नागपूर’ मात्र बिनबोभाट बिघडतात. ‘पुणे’ला आलेली एरर त्रासदायक असली तरी ती प्रामाणिक आहे. ‘नाशिक’चा बिघाड डेटाबेसमध्ये जाऊन बसतो आणि कळतो तेव्हा मूळ फाईल सापडेलच असं नाही.

लिहिताना तर सुटकाच नाही. १२५२ मध्ये देवनागरीचं एकही अक्षर नाही, त्यामुळे पहिल्याच अक्षराला युनिकोड-एन्कोड-एरर येते. यातला खरा धोका वेगळा आहे. फाईल ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याच्या मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो, आणि लिहिणं त्यानंतर फसतं. मागे शून्य बाइटची फाईल उरते.

हे इथवर कसं आलं, त्याची सुरुवात ऑक्टोबर २००० मधली. पायथन २.० मध्ये युनिकोड स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे मजकुराचा तुकडा) हा नवा प्रकार आला, पण जुनी बाइटांची स्ट्रिंगही ‘स्ट्रिंग’ म्हणूनच राहिली. दोन्ही एकत्र जोडल्या की पायथन बाइटांच्या स्ट्रिंगला आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचा जुना तक्ता) समजून आपणहून युनिकोड करायचा. इंग्रजीत हे बिनबोभाट चालायचं, म्हणून चाचणीत चूक दिसायचीच नाही. देवनागरी आली की पहिल्याच बाइटला अडायचं: ‘आस्की कोडेकला बाइट ई० वाचता येत नाही’. त्या काळात मराठी किंवा हिंदी मजकुरावर काम केलेल्या प्रत्येकाला हा ई० पाठ असेल, कारण आपली प्रत्येक अक्षरखूण त्यानेच सुरू होते.

प्रोग्रामच्या मजकुरातच देवनागरी लिहायची असेल, तर त्यासाठी २००३ मध्ये २.३ ने सोय केली. फाईलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत कॉमेंट म्हणून एन्कोडिंग लिहायचं. ते नसेल आणि आस्कीबाहेरचं अक्षर आलं तर आधी नुसती वॉर्निंग यायची, २.५ पासून सिंटॅक्स एरर. याच सुमारास एक घातक तोडगा पसरला: पायथनचं सिस हे अंतर्गत मॉड्यूल रीलोड करून डिफॉल्ट एन्कोडिंगच युटीएफ-८ करून टाकायचं. एरर जायच्या खऱ्या, पण डिक्शनरीत (नावावरून माहिती शोधायच्या साठ्यात) गोंधळ शिरायचा. बाइटांची ‘पुणे’ आणि युनिकोडची ‘पुणे’ तुलनेत समान ठरायच्या, दोघींचा हॅश (शोधण्यासाठी काढलेला आकडा) मात्र वेगळा. मग डिक्शनरीत असलेली ‘की’ (शोधायचं नाव) सापडत नाही, आणि का सापडत नाही ते दिवसभर कळत नाही.

३ डिसेंबर २००८ ला आलेल्या पायथन ३.० ने हा गुंता मुळापासून तोडला. मजकूर वेगळा, बाइट वेगळे, आणि दोघांमधलं रूपांतर सांगितल्याशिवाय होणार नाही. जुने प्रोग्राम मोडले आणि स्थलांतर दहा वर्षांहून अधिक चाललं. २.७ चा आधार (दुरुस्त्या पुरवणं) आधी २०१५ मध्ये संपणार होता, तो वाढवून १ जानेवारी २०२० पर्यंत न्यावा लागला. एवढा त्रास का दिला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. देवनागरीच्या बाजूने पाहिलं तर तो निर्णय योग्यच होता, कारण आधीची पद्धत फक्त इंग्रजीपुरती चालत होती.

पण ३.० ने एक दार अर्धं उघडं ठेवलं. प्रोग्रामची सोर्स फाईल डिफॉल्टने युटीएफ-८ झाली, आणि ओपन() ने उघडलेली डेटा फाईल मात्र सिस्टीमच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) सोडली. एकाच एडिटरमध्ये, एकाच पद्धतीने साठवलेल्या दोन फाईली. पायथनने प्रोग्राम म्हणून वाचली तर युटीएफ-८, डेटा म्हणून वाचली तर १२५२.

२००८ मध्ये या निर्णयामागे कारण होतं. नोटपॅडसारखे विंडोजवरचे प्रोग्राम तेव्हा एएनएसआयमध्येच साठवायचे, आणि त्यांच्या फाईली पायथनला वाचता यायला हव्यात. रशियन माणसाचं कोडपेज १२५१, त्यात सिरिलिक लिपी. जपानी माणसाचं ९३२, त्यात जपानी. त्यांच्यासाठी ‘सिस्टीमचं एन्कोडिंग’ म्हणजे निदान स्वतःची लिपी तरी होती. मराठी-हिंदीला विंडोजने असं एएनएसआय कोडपेज कधी दिलंच नाही; आपण थेट युनिकोडवर आलो. इस्की हे भारतीय मानक (१९९१ चं आयएस १३१९४) होतं, आणि युनिकोडची देवनागरी तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेली आहे, पण पायथनच्या कोडेकांमध्ये इस्की नाही. म्हणून लोकेलवर सोडलेलं डिफॉल्ट आपल्यासाठी पहिल्या दिवसापासून चुकीचं होतं. जेसन या डेटा-प्रकारातल्या फाईली बऱ्याचदा बचावल्या, कारण पायथनचं जेसन मॉड्यूल सांगितलं नाही तर प्रत्येक देवनागरी अक्षराचा आस्कीतला संकेतांक लिहितं. ‘फाईल माणसाला वाचता येत नाही’ म्हणून कुणी एन्शुअर-आस्की हा पर्याय बंद केला, की विंडोजवर एरर सुरू.

पुढची वर्षं एकेक कोपरा दुरुस्त करण्यात गेली. डिसेंबर २०१६ च्या ३.६ ने विंडोजचा कन्सोल आणि फाईलनावं युनिकोडवर आणली, त्यामुळे प्रिंट() ने मराठी पडद्यावर दिसू लागली (फॉन्ट असेल तर). तोच प्रोग्राम ‘मोठा-पेक्षा’ चिन्ह वापरून फाईलकडे वळवला की मात्र कन्सोलचा संबंध संपतो, १२५२ परत येतं आणि प्रोग्राम पडतो. पडद्यावर चालतं आणि फाईलमध्ये जात नाही, याचं कारण हेच.

२०१८ च्या ३.७ मध्ये पायथनच्या मुख्य चमूतल्या व्हिक्टर स्टिनर यांच्या प्रस्तावातून ‘युटीएफ-८ मोड’ आला. पायथनयुटीएफ८ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (सिस्टीमकडून प्रोग्रामला मिळणारं सेटिंग) १ केलं, की न सांगितलेलं एन्कोडिंग सगळीकडे युटीएफ-८. लिनक्सवर लोकेल नुसतं ‘सी’ असेल तर हा मोड आपोआप चालू होतो. क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी सोय) किंवा किमान सेटिंगच्या कंटेनरमध्ये चालणारे मराठी प्रोग्राम त्याआधी आस्कीवर जाऊन आपटायचे, ते आपटणं इथे थांबलं. विंडोजवर तो आपोआप लागत नव्हता. दरम्यान मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅडनेच नव्या फाईलींसाठी युटीएफ-८ हे डिफॉल्ट केलं, आणि २००८ चं कारण उरलं नाही.

तरी थेट डिफॉल्ट बदलता येत नव्हतं, कारण ओळीत एन्कोडिंग नसेल तर ते मुद्दाम वगळलं की विसरलं, हे पायथनला कळायला मार्ग नव्हता. त्याच चमूतल्या इनादा नाओकी यांच्या प्रस्तावावरून ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० मध्ये ‘एन्कोडिंग-वॉर्निंग’ आली, आणि ‘मला सिस्टीमचंच हवंय’ हे सांगण्यासाठी एन्कोडिंगच्या जागी ‘लोकेल’ लिहायची सोय झाली. त्या प्रस्तावातला एक आकडा बोलका आहे. सर्वाधिक डाउनलोड होणाऱ्या ४,००० पॅकेजांपैकी ४८९ पॅकेजांच्या रीडमी (पॅकेजची ओळख सांगणाऱ्या) फाईलमध्ये आस्कीबाहेरची अक्षरं होती, आणि त्यांतली ८२ पॅकेजं युटीएफ-८ नसलेल्या मशीनवर सोर्समधून इन्स्टॉलच होत नव्हती. कारण एकच: आस्कीबाहेरच्या अक्षरांची फाईल उघडताना कुणी एन्कोडिंग लिहिलं नव्हतं. अनुभवी लोक हे विसरत असतील, तर नवशिक्याला दोष देण्यात अर्थ नाही. डिफॉल्टच बदलायला हवं, हा युक्तिवाद इथे पक्का झाला. त्यांचाच पुढचा प्रस्ताव २०२२ मध्ये मंजूर झाला आणि लक्ष्य ठरलं ३.१५. ती येईपर्यंत ३.९ चा आधार संपलेला असतो, त्यामुळे आधार असलेल्या प्रत्येक आवृत्तीला ‘लोकेल’ हा शब्द कळतो. रुबीने विंडोजवर हेच ३.० मध्ये, २०२० साली केलं. जावाने १८ व्या आवृत्तीत, मार्च २०२२ मध्ये.

३.१५ येईपर्यंत थांबायची गरज नाही. आजच्या ३.१० किंवा पुढच्या आवृत्तीवर पायथनवॉर्नडिफॉल्टएन्कोडिंग हे व्हेरिएबल (मूळ नाव सलग, कॅपिटल इंग्रजी अक्षरांत) १ करून सगळ्या चाचण्या चालवा. जिथे एन्कोडिंग सुटलंय त्या प्रत्येक ओळीवर वॉर्निंग येईल. तिथे युटीएफ-८ लिहून टाका, आणि खरोखर सिस्टीमचं हवं असेल तिथेच ‘लोकेल’. मग पायथनयुटीएफ८ हे १ करून पुन्हा चालवा. ३.१५ चं वागणं जवळपास हेच असेल. उलट, ३.१५ वर जुनं वागणं काही काळ हवं असेल तर तेच व्हेरिएबल ० करायचं.

मोडतील त्या फाईली मराठीच्या नसतील, कारण १२५२ मध्ये देवनागरी कधी साठलीच नाही. मोडतील त्या वर्डमधून आलेल्या वळणदार अवतरणचिन्हांच्या जुन्या इंग्रजी फाईली. त्यांत ९३ आणि ९४ हे बाइट असतात, आणि युटीएफ-८ मध्ये अक्षराची सुरुवात त्यांनी होऊ शकत नाही. तसाच श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर. तो दिसायला मराठी असला तरी आतून लॅटिन बाइटांचा आहे. तो वाचताना १२५२ स्पष्ट लिहावं लागेल आणि मग कन्व्हर्टरमधून युनिकोड करावा लागेल. पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलने चालवलेल्या विंडोजच्या कमांडचं आउटपुटही तपासा, ती कमांड स्वतःच्याच कोडपेजमध्ये बोलते.

एक्सेलचा प्रश्न या बदलाने सुटत नाही. पायथनने साध्या युटीएफ-८ मध्ये लिहिलेली सीएसव्ही दुहेरी क्लिकने उघडली की एक्सेल बहुधा तिला एएनएसआय समजतो. त्याच्यासाठी ‘युटीएफ-८-सिग’ वापरायचं, म्हणजे सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट लागतात. एक्सेलची ‘सीएसव्ही युटीएफ-८’ वाचतानाही तेच हवं. नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटतं आणि डोळ्यांना दिसणारं नाव की-एरर देतं. एक्सेलमधून नुसती ‘सीएसव्ही’ साठवली असेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं पडलेली असतात, ती कशानेही परत येत नाहीत.

आधीच बिघडून साठलेला ‘नाशिक’ मात्र परत मिळतो. बिघडलेली स्ट्रिंग १२५२ मध्ये एन्कोड करायची आणि आलेले बाइट युटीएफ-८ ने डीकोड करायचे. ‘एरर नको’ म्हणून कुणी इग्नोर हा पर्याय लावला असेल, तर ‘पुणे’तला उकाराचा बाइट गळालेला असतो आणि ही वाट बंद होते. अडचणीचं अक्षर म्हणजे ठ. त्याचा तिसरा बाइट ए०, आणि १२५२ मध्ये ती न तुटणारी मोकळी जागा. पायथनचा स्प्लिट() तिलाही मोकळी जागाच मानतो, त्यामुळे ‘ठाणे’ मध्येच तुटतं, आणि स्ट्रिप() ‘साठ’च्या शेवटचा बाइट काढून टाकतो. ई० ए४ या जोडीनंतर ए० येणारं अक्षर ठ हे एकच आहे, म्हणून त्या जोडीनंतर साधी जागा किंवा शेवट दिसला की तिथे ए० परत घालून ठ जुळवता येतो. पण तुटलेले शब्द कुणी साध्या जागेने जोडले असतील, तर ती जागा ठ ची की दोन शब्दांमधली, हे माणसानेच ओळीवरून नजर फिरवून ठरवावं लागतं.