चित्रपटांतील बंदुकांची ओळख

पडद्यावर दिसणारे पिस्तूल, रायफल किंवा मशिनगन नेमकी कोणत्या बनावटीची आहे हे दृश्यातील खुणांवरून ठरवणे, म्हणजे चित्रपटांतील बंदुकांची ओळख. यात दर वेळी दोन उत्तरे शोधावी लागतात: कथेत ते शस्त्र कोणते मानायचे आणि चित्रीकरणाच्या वेळी नटाच्या हातात प्रत्यक्ष काय होते. ही उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि या छंदाची खरी गोडी तिथेच आहे.

‘डाय हार्ड’ (1988) मधील टोळीकडे एमपी5 सबमशिनगन (पिस्तुलाची काडतुसे वापरणाऱ्या छोट्या मशिनगन) आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्या एचके94, म्हणजे नागरिकांना विकल्या जाणाऱ्या लांब नळीच्या कार्बाइन होत्या. त्यांच्या नळ्या कापून आणि यंत्रणा बदलून त्या स्वयंचलित केल्या होत्या. खऱ्या एमपी5च्या नळीच्या टोकाजवळ सायलेन्सर बसवण्यासाठी तीन खाचदार उंचवटे असतात. कापलेल्या एचके94ची नळी तिथे गुळगुळीत असते.

‘द वाइल्ड बंच’ (1969) मध्ये कोल्ट 1911च्या जागी स्पेनचे स्टार मॉडेल बी वापरले. कारण व्यावहारिक होते. ब्लँक काडतुसात गोळी नसल्यामुळे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, मागे ढकलण्याइतका दाब तयार होत नाही, म्हणून नळी आतून अरुंद करावी लागते. .45ची ब्लँक काडतुसे तरीही नीट चालत नसत, 9 मिमीची चालत. स्टार ओळखणे अवघड नाही: कोल्टच्या मुठीच्या पाठीमागे तळहाताने दाबला जाणारा सेफ्टीचा खटका असतो, स्टारला तो नसतो.

शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य निर्मात्यांना सोव्हिएत एके रायफली मिळणे कठीण होते, त्यामुळे त्यांच्याच धर्तीच्या चिनी टाइप 56 आणि इजिप्तची माडी या रायफली त्यांची जागा घेत. इथे फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकाजवळची नेम धरण्याची खूण, पाहावी. सोव्हिएत रायफलीत तिच्या दोन्ही बाजूंना वर उघडे असलेले कान असतात, तर टाइप 56मध्ये तिच्याभोवती पूर्ण कडे असते. एकेएम (एके-47ची सुधारित आवृत्ती) असेल तर मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या वर, पत्र्याच्या रिसीव्हरवर (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या भागावर) छोटा खळगा दिसतो. जुन्या एके-47च्या घडीव रिसीव्हरवर त्याच जागी लांबट आयताकृती खाच असते.

संवादांवर विसंबून चालत नाही. ‘डाय हार्ड 2’ (1990) मध्ये पोर्सेलिनच्या, जर्मन बनावटीच्या, विमानतळावरील एक्स-रेला न सापडणाऱ्या ‘ग्लॉक 7’चा उल्लेख येतो. असे पिस्तूल अस्तित्वात नाही. पडद्यावरचे पिस्तूल ऑस्ट्रियाचे ग्लॉक 17 आहे. त्याची चौकट प्लॅस्टिकची असली तरी स्लाइड आणि नळी पोलादी आहेत. आवाजाचाही उपयोग होत नाही, तो नंतर चढवलेला असतो. काळाची विसंगती मात्र ओळख पटली की लगेच कळते. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (1981) ची कथा 1936 सालची, तरी त्यात 1940 मध्ये आलेली जर्मन सबमशिनगन एमपी40 दिसते.

एकाच दृश्यात बंदूक बदलूही शकते. जवळच्या शॉटमध्ये खरी आणि उडी मारताना रबराची प्रतिकृती, हे नेहमीचेच. प्रतिकृतीच्या नळीचे तोंड बहुधा उथळ असते आणि कोरलेली अक्षरे पुसट दिसतात. 2021मध्ये ‘रस्ट’च्या चित्रीकरणात छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा गोळी लागून मृत्यू झाला. त्यानंतर सेटवर ब्लँकसुद्धा नकोत, ही मागणी जोरात पुढे आली, आणि ती रास्त आहे. ब्लँकऐवजी एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणारी खेळण्यातली) बंदूक वापरली, तर नळीतली ठिणगी संगणकावर जोडतात. अशा वेळी स्लाइड हलते की नाही आणि रिकामे काडतूस बाहेर पडते की नाही हे एकेक फ्रेम थांबवून पाहावे लागते.