फिका रंग, तुरट घोट: वाइन चाखायची कशी

इटलीच्या पिडमाँट भागातली बारोलो ही लाल वाइन ग्लासात ओतली की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती हलकीच असेल असं वाटतं. रंग विटकरीकडे झुकलेला आणि इतका फिका की ग्लासमागची छापील अक्षरं वाचता येतात. पण घोट घेतला की गालाची आतली कातडी आवळते आणि जीभ हिरड्यांवरून सरकेनाशी होते. ती ज्यापासून बनते त्या नेब्बिओलो द्राक्षात रंगद्रव्य कमी आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर, म्हणून हे असं होतं. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीझलिंग काबिनेट ही पांढरी वाइन याच्या अगदी उलट. तिच्यात पुष्कळदा लिटरला 40 ग्रॅमच्या आसपास साखर असते, पण आंबटपणा इतका धारदार की सरबताचा गोडवा जाणवतच नाही. वाइन पारखायला शिकायचं तर ही जोडी उत्तम, कारण दोन्हीकडे डोळे फसतात.

हे फसणं प्रयोगानेही दाखवलं आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली गेली आणि नंतर तीच वाइन, वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून. लाल दिसताच त्यांनी तिच्या वासाला लाल वाइनची विशेषणं लावली. म्हणून रंग जरूर पाहा, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून पाहा, पण त्यातून फक्त वयाचा अंदाज घ्या. लाल वाइन जुनी होताना जांभळ्याकडून विटकरी होते आणि फिकटते, तर पांढरी उलट गडद होत सोनेरी होते. ग्लासाच्या आतून ओघळणारे ‘अश्रू’ अल्कोहोल आणि पाण्याच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे येतात. त्यांवरून दर्जा ठरवू नये.

तापमान चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. रीझलिंग 8 ते 10 अंशांना, बारोलो 16 ते 18 अंशांना. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात खोलीच 32 अंशांची असते, तिथे बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. गरम वाइनमधलं अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि बाकीचे वास दबतात. फार थंड केली तर वास सुटत नाही आणि टॅनिन जास्त कर्कश लागतं. रीझलिंग म्हणूनच फ्रिजमधून काढून लगेच ओतू नये, 15-20 मिनिटं थांबावं.

चाखण्याचा प्रमाणित ग्लास सुमारे 215 मिलिलिटरचा असतो, पण त्यात ओततात 50 मिलिलिटरच. उरलेली जागा वासाची. आधी ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग पाच-सहा वेळा फिरवून पुन्हा. आखूड श्वास घ्या, कारण नाक पटकन सरावतं. बारोलोत गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या आणि डांबर असे दोन वास शेजारी शेजारी येतात. मुरलेल्या रीझलिंगमध्ये चक्क रॉकेलचा वास येतो. तो बिघाड नव्हे. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडांपासून बाटलीत हळूहळू तयार होणाऱ्या टीडीएन या संयुगाचा तो वास.

घोट 10-15 मिलिलिटरचा हवा. तो तोंडभर फिरवा आणि ओठ किंचित उघडून, बशीतल्या चहाचा मारतो तसा भुरका मारा. हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. आंबट, गोड, कडू, तुरट एवढंच उरेल. नाक सोडताच गुलाब परत येईल.

तुरटपणाला मराठीत नेमका शब्द आहे, हे आपलं भाग्यच. शास्त्राच्या दृष्टीने मात्र तुरटपणा प्रामुख्याने स्पर्श आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचं वंगण जातं आणि तोंड खरखरीत होतं. कोऱ्या चहात दूध घातल्यावर तो मवाळ होतो, त्यामागेही टॅनिन आणि प्रथिनांचंच हे नातं. तुरटपणा घोटागणिक साठत जातो, त्यामुळे सलग तिसऱ्या घोटाला तीच वाइन जास्त कठोर वाटते. मध्ये दोन मिनिटं थांबा, साधा पाव खा, पाणी प्या. अनेक वाइन चाखायच्या असतील तर घोट थुंकून टाका, त्यात अवमान काही नाही.

थुंकल्यावर सेकंद मोजा. चव टिकण्याच्या एका सेकंदाला फ्रेंच लोक ‘कोदाली’ म्हणतात. पण नुसत्या लांबीला अर्थ नाही, मागे काय राहतं ते पाहावं. नुसता कडवटपणा रेंगाळत असेल तर ती लांबी वाइनच्या बाजूची नव्हे. आंबटपणा, गोडवा, टॅनिन, अल्कोहोल यांपैकी एकही वेगळं होऊन बोचत नाही, आणि दर घोटाला वासात काही नवं सापडतं, ती वाइन चांगली.

दोष ओळखताना घाई नको. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास बहुधा बुचातल्या टीसीए या संयुगाचा असतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही वाइनचा फळवास मारायला पुरतात. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. चाचणीपुरतं तांब्याचं स्वच्छ नाणं ग्लासात टाकून ढवळलं तर तो कमी होतो, कारण गंधक तांब्याला धरून बसतं. (ही वाइन नंतर ओतून द्यायची.) नुसती हवा लागूनही तो बऱ्याचदा विरतो. टीसीए मात्र विरत नाही, उलट वेळ जाईल तसा अधिक जाणवतो. म्हणून बाटली परत करण्याआधी ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा आणि पुन्हा हुंगा.