कोकणातलं जुनं चिरेबंदी घर घेताना

जांभ्याच्या, म्हणजे लाल चिऱ्याच्या दगडाच्या, भिंती सहसा टिकून असतात. अडतं ते कागदात आणि छपरात. म्हणून घर बघायला जाण्याआधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) मागवा.

ग्रामपंचायतीचा घरपट्टी उतारा हा फक्त कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. घर एका भावाच्या नावावर आणि खालची जमीन सामाईक, हे इथे नेहमीचं. मुंबईचे चुलते, सासरी गेलेल्या बहिणी, सगळ्यांच्या सह्या खरेदीखतावर घ्या; एक वारस सुटला तरी वाटपाचा दावा उभा राहतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव, 'कुळकायदा कलम 43 ला पात्र' (म्हणजे विक्रीवर बंधन) किंवा खाजगी वनाचा शेरा दिसला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. जमीन शेतीची असेल तर 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे घेणाराही शेतकरी लागतो. गडगा (दगडी कुंपण) दिसतो तिथे हद्द असेलच असं नाही. हद्द कायम मोजणी आधी करून घ्या.

घर जुलैत बघा, विहीर मे महिन्यात.

छपरात वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक सर्वांत आधी कुजतं, कारण ओल तिथे साचते. स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर वासा बदलायचा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की वाळवी आहे. मंगलोरी कौलं 100 चौरस फुटांना साधारण 150 लागतात. जुनी धुऊन, टिचकी मारून निवडा, खणखणीत वाजतील ती ठेवा. लाकडासाठी आवारातला फणस किंवा आंबा तोडायलाही परवानगी लागते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सिमेंटच्या गिलाव्याने. जांभा ओल शोषतो आणि उघडा असला की सोडतो. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल आत अडकते, गिलावा फुगून चिऱ्याचा पापुद्रा घेऊन पडतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू असा गिलावा करा; चुना आठवडाभर तरी भिजलेला हवा. मातीत रचलेल्या भिंतीवर स्लॅब टाकायचा हट्ट धरू नका, ती तो भार घेत नाही.

कौलं दिवाळीनंतर उतरवा आणि मेच्या मध्यापर्यंत परत चढवा. वळवाचा पाऊस जूनची वाट बघत नाही, आणि उघडी पडलेली, मातीत रचलेली भिंत एका सरीतही ढासळू शकते.