वेब ॲप: डेस्कटॉप सॉफ्टवेअरला पर्याय

वेब ॲप म्हणजे कॉम्प्युटरवर इन्स्टॉल न करता ब्राउझरमधेच चालणारं सॉफ्टवेअर. पत्ता टाकला, लॉगिन केलं की काम सुरू, सीडी नको, सिरीयल नंबर नको, आणि क्लासमधल्या पोराला बोलावून "भाऊ, जरा हे टाकून दे ना" म्हणायची पण गरज नाही. वर्ड, एक्सेल, फोटोशॉप, टॅली जी कामं करतात त्यातली बहुतेक आता अशी होतात. बहुतेक म्हणतोय, सगळी नाही, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हे "बहुतेक" कुठे संपतं ते नीट बघण्यासारखं आहे.

सुरुवात

लोकांना वाटतं ही सगळी गूगलची करामत, पण त्याच्या बरंच आधी, 4 जुलै 1996 ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं होतं. मेल बघायला स्वतःच्याच मशीनवर बसायला लागत नाही, कुठल्याही कॅफेतून बघता येतो, याची सवय लोकांना अशा मेलमुळेच लागली. पुढच्या वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. गंमत म्हणजे आजच्या वेब ॲपचा पाया पण मायक्रोसॉफ्टच्याच घरात घातला गेला. आऊटलूक हे त्यांचं मेलचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधे चालवायचं होतं म्हणून त्यांनी 1999 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 मधे एक सोय टाकली, पान परत लोड न करता मागच्या मागे सर्व्हरकडून माहिती आणायची. तोपर्यंत काय व्हायचं, एक बटण दाबलं की अख्खं पान पांढरं पडायचं आणि आपण बघत बसायचं. ज्यांचा धंदा डेस्कटॉपच्या ऑफिसवर चालायचा त्यांनीच हे करून ठेवलं, आणि फायदा उठवला दुसऱ्यांनी.

जीमेल आलं 1 एप्रिल 2004 ला, 1 जीबी जागा फुकट देतो म्हणाले, तेव्हा हॉटमेल 2 एमबी द्यायचं, त्यामुळे बऱ्याच जणांना एप्रिल फूलच वाटलं. 2005 ला गूगल मॅप्स आलं, त्याच वर्षी पान परत लोड न करता मागच्या मागे माहिती आणायच्या या पद्धतीला एजॅक्स हे नाव पडलं. 2006 ला गूगलनं रायटली नावाचं ऑनलाइन टायपिंगचं ॲप विकत घेतलं, त्यातूनच पुढे गूगल डॉक्स झालं. झोहोचा रायटर, ते पण ऑनलाइन टायपिंगचंच ॲप, मात्र 2005 चा, आणि हे आपल्या देशातलं काम आहे हे इकडे फार कमी लोकांना माहीत असतं. श्रीधर वेंबूंची ही कंपनी तमिळनाडूत तेनकाशीकडे, पार गावाकडच्या भागात ऑफिस काढून बसलीय. शिरपूर, चाळीसगावची इंजिनिअर झालेली पोरं बॅगा घेऊन पुण्याच्या ट्रॅव्हल्समधे चढतात तेव्हा हे तेनकाशी आठवतंच, असो.

चालतं कुठे, सर्व्हरवर का आपल्या मशीनवर

इथे लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. ऑनलाइन म्हणजे सगळं तिकडे कुठेतरी चालतं असं सरसकट समजतात, पण तसं नसतं. काही वेब ॲपमधे डेटा आणि हिशोब दोन्ही सर्व्हरवर असतात, उदाहरणार्थ जीएसटीचं पोर्टल, तिथे नेट गेलं की विषय संपला. काहींमधे मात्र ब्राउझर फक्त प्रोग्रॅम उतरवून घेतो आणि काम आपल्याच प्रोसेसर-रॅमवर होतं. फोटोपी हे त्यातलं सगळ्यात मजेदार. इव्हान कुत्स्किर या एकट्या माणसानं 2013 ला काढलेलं हे ॲप फोटोशॉपची पीएसडी फाईल लेयरसकट उघडतं, आणि तुमचा फोटो सर्व्हरवर जातच नाही. पान एकदा पूर्ण लोड झालं की मधेच नेट गेलं तरी फोटो कापणं, रंग करणं चालू राहतं. पण काम तुमच्याच मशीनवर आहे ना, मग 2 जीबी रॅमच्या जुन्या डब्यावर ते रडणार हे पण आलंच.

जड सॉफ्टवेअर ब्राउझरमधे आणायला खरी मदत झाली वेबअसेंब्लीची, म्हणजे जड प्रोग्रॅम ब्राउझरमधे वेगात चालवायच्या सोयीची. 2017 पर्यंत चारही मोठ्या ब्राउझरांत ते आलं, डिसेंबर 2019 ला त्याला अधिकृत स्टँडर्ड म्हणून मान्यता मिळाली. ऑटोकॅडची वेब आवृत्ती 2018 ची, आणि 2021 ला खुद्द ॲडोबीनं फोटोशॉप ब्राउझरमधे आणायला घेतलं, म्हणजे ज्याला पर्याय शोधत होतो तोच इकडे राहायला आला.

खान्देशात

इकडच्या एका अख्ख्या पिढीला कॉम्प्युटर म्हणजे एमएस-सीआयटी, आणि एमएस-सीआयटी म्हणजे वर्ड आणि एक्सेल. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, मशीन असेंबल करणारा सगळं टाकूनच द्यायचा, आणि ते बहुतेक क्रॅक असायचं. त्याच्या जोडीला पेनड्राईव्ह. कॉलेजच्या पोरानं प्रोजेक्ट घरी टाईप करायचा, पेनड्राईव्हमधे घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायचं, तिथे लावला की व्हायरसनं सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, किंवा फाईल उघडली तरी फॉन्ट नसल्यामुळे पानं इकडची तिकडे. वेब ॲप इथे पहिल्यांदा पटलं ते या पेनड्राईव्हच्या जाचातून सुटका म्हणून. क्लाऊड वगैरे शब्द नंतर आले.

हिशोबाच्या कामात याची खरी ताकद दिसते ती केळीच्या पट्ट्यात. रावेर, सावदा, फैजपूर, यावल भागात माल कापला जातो शेतात, काटा होतो दुसरीकडे, गाडी निघते दिल्ली-पंजाबकडे आणि हिशोब ठेवणारा बसलेला असतो भलतीकडेच. अशा ठिकाणी एकच गूगल शीट तिघा-चौघांच्या मोबाईलवर उघडी ठेवता येते, गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन, कटती, भाव, असे कॉलम, जो जिथे आहे तो तिथून आपला आकडा टाकतो. एक्सेलची फाईल व्हॉट्सॲपवर फिरवली की "फायनल", "फायनल 2", "नवीन फायनल" अशा पाच फाईली होतात आणि खरी कुठली हे कोणालाच सांगता येत नाही, शीटमधे ती भानगड नाही. अजून एक, भावाच्या खान्यात रात्री कोणी 1450 चं 1400 केलं तर व्हर्जन हिस्टरीत त्या माणसाच्या नावानं, वेळेसकट दिसतं. भांडण मिटवायला यापेक्षा चांगला साक्षीदार नाही, पण त्यासाठी प्रत्येकानं आपापल्या अकाऊंटनं यायला पाहिजे, एकच लॉगिन पाच जणांनी वापरलं तर हिस्टरी पण बिनकामाची.

दुकानदारीत मात्र टॅली हललेलं नाही, ते आजही मुख्यतः मशीनवर इन्स्टॉल करूनच चालतं आणि आपले सीए पण त्यालाच सरावलेत. जीएसटी 1 जुलै 2017 ला आलं तेव्हापासून रिटर्न पोर्टलवर भरावं लागतं, म्हणून हिशोब डेस्कटॉपवर आणि भरणा वेबवर अशी खिचडी झालीय. सरकारचंच ऑफलाइन टूल आहे, त्यात बिलं भरायची, जेसन फाईल तयार करायची आणि ती पोर्टलवर चढवायची. मला विचाराल तर ही खिचडीच इकडच्या लाईटला आणि नेटला सोसणारी आहे. जळगावच्या सराफाला दुकानातल्या सोन्याचा स्टॉक दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेव म्हणून सांगून बघा, काय उत्तर मिळतं ते.

छपाईवाल्यांचं दुखणं वेगळंच. लग्नपत्रिका, फ्लेक्स, निवडणुकीची पत्रकं, हे सगळं वर्षानुवर्षं कोरल ड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर झालंय. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं आतून इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे जुन्या पत्रिकेतला मजकूर कॉपी करून कॅनव्हा या डिझाईनच्या वेब ॲपमधे किंवा डॉक्समधे टाकला की "श्री गणेशाय नमः" च्या जागी डॉलर, टक्के आणि अर्धवट इंग्रजी अक्षरं येतात. वेब ॲपला युनिकोड लागतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर असलेली पद्धत, आणि युनिकोड मजकूर पेजमेकरला झेपत नाही, म्हणजे दोन्हीकडून कुलूप. मधे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय छापायला द्यायचं नाही, नाहीतर नवरदेवाचं आडनाव बदलायचं. अहिराणी लिहिणाऱ्यांची मात्र युनिकोडमुळे सोय झाली, मोबाईलवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसऱ्याला दिसतं, फक्त "काय करी ऱ्हायना" लिहिलं की मराठीचा स्पेलचेक लाल रेघा ओढत बसतो.

कुठे अडतं

नेट. भुसावळ, जळगाव, धुळे शहरात आता तेवढं वाटत नाही, पण धडगाव, मोलगीच्या बाजूला सातपुड्यात वर गेलात की रेंज डोंगराच्या मर्जीवर. गूगल डॉक्समधे ऑफलाइन मोड आहे, पण तो नेट असतानाच आधी चालू करून ठेवायला लागतो, लाईन गेल्यावर आठवून उपयोग नाही. शिवाय तो क्रोम किंवा एजमधेच चालतो.

दुसरं म्हणजे मालकी. 2007 चं ऑफिस एकदा टाकलं की जुन्या मशीनवर आजही चालतंय, कोणी येऊन बंद करत नाही. वेब ॲप कंपनीच्या मनावर. बातम्या-ब्लॉग वाचायचं गूगल रीडर 2013 ला बंद झालं, फोटो ठेवायचे पिकासाचे वेब अल्बम 2016 ला. गूगलचं वैयक्तिक अकाऊंट 2 वर्षं वापरलंच नाही तर ते डेटासकट काढून टाकायचा नियम डिसेंबर 2023 पासून लागू आहे, त्यामुळे मंडळाचा नाहीतर बचत गटाचा हिशोब कोणा एकाच्या जुन्या जीमेलवर पडलेला असेल तर आजच डाऊनलोड करून ठेवा. आणि क्रॅक सोडून थेट वेबवर उडी मारणारे लोक मधलं, वर्ड-एक्सेलसारखंच लिबर ऑफिस विसरतात, ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि नेटशिवाय चालतं. एकट्यानंच काम करायचं असेल तर मी तेच सांगेन.

तिसरी अडचण कोणाच्या लक्षात येत नाही. वेब ॲप इन्स्टॉल करावं लागत नाही हे खरं, पण ब्राउझर तर नवा लागतो ना. विंडोज 7 साठी क्रोम 109 हीच शेवटची आवृत्ती, 2023 च्या सुरुवातीला ते थांबलं. छपाईच्या दुकानात विंडोज 7 ची मशीनं अजून दिसतात, त्यांच्यावर कोरल मजेत चालतं, पण नवी वेब ॲप्स ब्राउझर जुना झाला म्हणून कुरकुर करतात. मग डिझाईन जुन्या मशीनवर आणि कॅनव्हा मालकाच्या मोबाईलवर, अशी वाटणी करून ही दुकानं चालतात.