कपाळी टिळा, तोंडी कोळंबी : कालीघाटच्या मांजराची पार्श्वभूमी

साधारण ४५ बाय २८ सेंटिमीटरचा गिरणीचा पातळ कागद. पार्श्वभूमी कोरी. त्यावर कागदभर एकच मांजर, धड बाजूने दाखवलेलं, पण तोंड थेट आपल्याकडे वळलेलं. डोळे मोठाले, गोल. कपाळापासून नाकापर्यंत वैष्णवाचा टिळा, काही प्रतींत गळ्यात माळ, आणि जबड्यात आडवी धरलेली भलीमोठी कोळंबी. कोलकात्याच्या कालीघाट भागात १९व्या शतकात पटुआ चित्रकारांनी हे चित्र पुन्हा पुन्हा काढलं. काही प्रतींत कोळंबीच्या जागी मासा येतो, काहींत उंदीर. इंग्रजी पुस्तकांत या कोळंबीला सर्रास लॉब्स्टर म्हटलेलं असतं, पण लांब नांग्यांची ती गोड्या पाण्यातली गलदा चिंगडी आहे, बंगाली जेवणातली मानाची.

जगाच्या चित्रकलेत मांजर बहुतेक वेळा कोपऱ्यात असतं. इजिप्तमधल्या नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं, सुमारे इ.स.पू. १३५० मधलं मांजर धन्याच्या शिकारीत पक्षी पकडतं. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात गिर्लांदायोने रंगवलेल्या येशूच्या शेवटच्या भोजनात ते दगाबाज जुडासजवळ बसलंय, आणि एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या १८६३ सालच्या ‘ऑलिंपिया’त पलंगाच्या पायथ्याशी काळं मांजर आहे. या सगळ्यांत ते कुणाच्या तरी सोबतीला आलेलं. कालीघाटला मात्र अख्खा कागद त्याचा आहे. याचं कारण चित्रकलेत शोधून सापडत नाही, कारण हे मांजर मुळात गोष्टीतून आलेलं आहे.

महाभारताच्या उद्योगपर्वात युद्धाच्या तोंडावर दुर्योधन उलूकाला दूत म्हणून पाठवतो आणि युधिष्ठिराला एक गोष्ट ऐकवायला सांगतो. गंगेच्या काठी एक मांजर हात वर करून तप करत उभं राहतं. आधी पक्षी विश्वास ठेवतात, मग उंदीर. त्याला मामा करून ते त्याच्या आश्रयाला जातात. मांजर म्हणतं, तप करून मी फार थकलोय, मला रोज नदीपर्यंत नेत चला. रोज काही उंदीर सोबत जातात, आणि दिवसेंदिवस मांजर गलेलठ्ठ होत जातं. डिंडिक नावाचा उंदीर असाच गेला तो परतलाच नाही. शेवटी कोलिक नावाचा म्हातारा उंदीर हिशेब मांडतो : मामाचं अंग भरतंय, आपण कमी होतोय, डिंडिक सात-आठ दिवस दिसलेला नाही, आणि कंदमुळं खाणाऱ्याच्या विष्ठेत केस कसे? हा शेवटचा पुरावा मला सगळ्यात आवडतो. भोंदूपणा उघडा पाडायला कुणी ऋषी लागत नाही, डोळे उघडे असले की पुरतं. आणि हा टोमणा धर्मराजाला मारणारा कोण, तर दुर्योधन.

हा प्रकार त्या काळीही ओळखीचा असणार. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ‘बैडालव्रतिक’ म्हणजे मांजराचं व्रत घेतलेला, धर्माचा झेंडा मिरवणारा लोभी माणूस येतो. त्याला पाणीसुद्धा देऊ नये असं तिथे म्हटलंय. जातककथांत बिळार जातक आहे. त्यात गंमत अशी की एका पायावर उभं राहून उंदरांना फसवणारा प्राणी कोल्हा आहे, आणि त्याच्या ढोंगाला नाव मात्र मांजराचं दिलंय. पंचतंत्रातलं, ससा आणि कपिंजल पक्ष्याचा तंटा सोडवायला बसलेलं धर्मज्ञ मांजर तर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलेलं असतं. न्याय नीट ऐकू यावा म्हणून ते दोघांना जवळ बोलावतं, पुढचं सांगायला नको.

दगडात हे मांजर महाबलीपुरमला भेटतं. सातव्या शतकात पल्लवांनी कोरवलेल्या, सुमारे ३० मीटर रुंदीच्या त्या भव्य शिल्पपटात एक तपस्वी एका पायावर, हात डोक्यावर उंचावून उभा आहे. तो अर्जुन की भगीरथ, हा वाद जुना आहे. कातळाच्या मधोमध असलेल्या भेगेच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्या हत्तींच्या जवळ, मांजर मागच्या पायांवर उभं राहून अगदी तीच मुद्रा करतंय आणि भोवती उंदीर आहेत. पाहायला गेलात तर आधी हत्तींचे पाय शोधा. नजर हत्तींवरच अडकते आणि बरेच जण मांजर न पाहताच परततात. मूळ तपस्वी आणि त्याची नक्कल एकाच कातळावर ठेवण्याची ही कल्पना कालीघाटच्या चित्रापेक्षाही बोचरी आहे.

बंगालमध्ये मांजराला आणखी एक बाजू आहे. मुलांना राखणाऱ्या षष्ठीदेवीचं ते वाहन. आपल्याकडची सटवाई तीच, पण तिच्याजवळ मांजर नाही. ज्येष्ठातल्या अरण्यषष्ठीच्या व्रतकथेत धाकटी सून चोरून खाते आणि नाव घालते मांजरावर. मांजर देवीकडे गाऱ्हाणं नेतं आणि सुनेची मुलं जन्मताच नाहीशी होऊ लागतात. म्हणजे बंगाली घरात मांजर चोर होतं आणि त्याच्यावर चोरीचा खोटा आळ घेणं पापही होतं. कालीघाटच्या चित्रातलं मांजर नुसतं दुष्ट वाटत नाही, त्याच्याकडे बघून हसू येतं. या दुहेरी नात्याचा त्यात वाटा असावा.

कालीघाटच्या देवळाची आजची इमारत १८०९ साली पुरी झाली. यात्रेकरू वाढले तसे मेदिनीपूर, चोवीस परगणा अशा भागांतले पटुआ देवळाभोवतीच्या गल्ल्यांत येऊन राहिले. गावाकडे ते लांबलचक गुंडाळीचे पट रंगवत आणि एकेक चौकट उलगडत गाणी म्हणत. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथींचा धंदाही असाच, फक्त सुट्या कागदांवरचा. शहरात आलेल्या यात्रेकरूला तासभर गाणं ऐकायला वेळ नव्हता, त्याला घरी न्यायला काहीतरी स्वस्त हवं होतं. म्हणून गुंडाळी तुटली आणि एका कागदावर एक विषय असा ‘चौको पट’ आला. किंमत पैशा-दोन पैशांची. या किमतीतूनच त्या चित्राचं रूप घडलं. कोरी पार्श्वभूमी, मोजके रंग, मोठी आकृती आणि एका दमात ओढलेली रेघ यांचं कौतुक पुढे ‘आधुनिक साधेपणा’ म्हणून झालं. पटुआच्या दृष्टीने तो दिवसभरात किती कागद संपतात याचा हिशेब होता. त्याने सौंदर्य कमी होत नाही, पण पटुआला पॅरिसच्या आधुनिक चित्रकारांचा पूर्वज ठरवण्याची घाईही करू नये.

काम घरात वाटलेलं असे. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य मुकुल डे यांनी या पद्धतीची नोंद केली आहे. एक जण मूळ नमुन्यावरून पेन्सिलने बाह्यरेषा उतरवून घेई. दुसरा अंगाचा गोलवा छायेने काढी. तिसरा, बहुधा घरातलंच कुणी, ठरलेल्या जागी रंग भरी, आणि शेवटी काजळीच्या काळ्याने रेषा पक्की होई. काजळी दिव्यावर भांडं धरून जमवलेली. रंग बेलफळाच्या डिंकात किंवा चिंचोक्याच्या खळीत घोटलेले. सुरुवातीला हळदीचा पिवळा, गोकर्णीच्या फुलाचा निळा असे घरचे रंग होते, पुढे विलायती जलरंग स्वस्त मिळू लागल्यावर तेच आले. ब्रश खारीच्या किंवा बकरीच्या केसांचे. दागिन्यांवर आणि मोत्यांवर चांदीसारखी चमक दिसते, पण ती कथिलाची.

मांजर काढताना खरी कसोटी लागते ती छायेत. कागद पातळ, रंग पाण्यातला. पाठीच्या कडेने गडद रंगाचा पट्टा ओढायचा आणि तो ओला असतानाच पाण्याच्या ब्रशने आतल्या बाजूला विरवत न्यायचा. एवढ्यानेच पाठ, पोट आणि मांड्या गोल दिसायला लागतात. पाणी जास्त झालं तर कागद फुगून लाटा येतात आणि रंग खळग्यात साचून सुकताना काठाला गडद रेघ सोडतो. पाणी कमी पडलं किंवा हात थांबला तर पट्टा तिथल्या तिथे सुकतो, मग मांजर फुगीर न दिसता वहाणेच्या तळव्यासारखं सपाट दिसतं. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकून सुटतो. अंगावरचे पट्टे किंवा ठिपके छाया पूर्ण सुकल्यावरच द्यायचे, नाहीतर ते पसरतात. मिशा आणि टिळा सगळ्यात शेवटी.

टिळा वैष्णवाचाच का? कालीघाट हे शाक्तांचं म्हणजे देवीभक्तांचं पीठ, तिथे बोकडाचा बळी उघड दिला जातो. त्या दारात बसून मासे-मटण वर्ज्य मानणाऱ्या बाबाजीच्या तोंडात कोळंबी कोंबणं सोयीचंच होतं. पण याला पंथांचं भांडण म्हणणं मला पटत नाही. त्याच दुकानात कृष्णही विकायला असे आणि चैतन्य महाप्रभूही. रोख होता तो ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ या प्रकारावर. १८७३ मध्ये तारकेश्वरच्या महंताचं एलोकेशी नावाच्या विवाहितेशी प्रकरण गाजलं. नवीन नावाच्या तिच्या नवऱ्याने तिचा गळा चिरला, आणि महंताला तीन वर्षं सक्तमजुरी व दोन हजारांचा दंड झाला. पटुआंनी त्यावर प्रसंगांच्या मालिकाच काढल्या, तुरुंगात घाण्याला जुंपलेल्या महंतासकट. तो महंत शैव होता. पटुआंची चेष्टा कुठल्या एका गंधाला बांधलेली नव्हती, हे यावरून दिसतं.

ही चित्रं आज सर्वांत मोठ्या संख्येने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, सहाशेहून जास्त. त्यांतली २३३ रुडयार्ड किपलिंगने १९१७ साली दिली. ती त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांनी जमवलेली. लॉकवुड १८६५ ते १८७५ मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होते, नंतर लाहोरला गेले. चित्रं टिकली ती अशा लोकांमुळे. यात्रेकरूंनी ती भिंतीवर चिकटवली, आणि गिरणीच्या आम्ल कागदाने दमट हवेत जे व्हायचं ते झालं. कागद आधी पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, कडा हात लावताच झडतात. त्याच संग्रहालयाचे डब्ल्यू. जी. आर्चर यांनी पुढे या छायेत इंग्रजी जलरंगांचा प्रभाव पाहिला. भारतीय अभ्यासकांनी बोट दाखवलं ते पटुआंच्या जुन्या पटांकडे आणि बंगालच्या मूर्तिकामाकडे. मला दुसरी बाजू जड वाटते : मातीच्या रंगवलेल्या मूर्तीचा गोलवा ज्या घरांतल्या हातांना ठाऊक होता, त्यांना तो कागदावर आणायला परदेशी शिक्षक कशाला लागतोय?

धंदा बुडवला छापखान्याने. कोलकात्यातल्या बटतला भागातल्या छापखान्यांच्या लाकडी ठशांनी हेच विषय उचलले, १८७८ पासून कलकत्ता आर्ट स्टुडिओची रंगीत शिळाछापं (लिथोग्राफ) आली, जर्मनीहून छापून आलेली देवांची चित्रं आली. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसचाही त्यात वाटा आहे. चकचकीत लक्ष्मी त्याच किमतीत मिळते म्हटल्यावर हाताने काढलेलं मांजर कोण घेणार? १९३० च्या सुमारास निवारणचंद्र घोष आणि कालीचरण घोष हे शेवटचे नावाजलेले पटुआ गेले.

चित्रकार जामिनी रॉय (१८८७–१९७२) यांनी १९२० च्या दशकात तेलरंगातली व्यक्तिचित्रं सोडून या पटांकडे मोर्चा वळवला, तेव्हा मांजरही सोबत आलं. एक मोठी कोळंबी दोघांत धरलेली त्यांची दोन मांजरं प्रसिद्ध आहेत. तिथे छाया गेली, सपाट रंग आणि जाड रेघ राहिली. डोळे बदामी झाले, आणि टोमण्याची जागा नक्षीने घेतली. रंग त्यांनीही घरगुतीच ठेवले : गेरू, नीळ, खडू, काजळी, चिंचोक्याची खळ. त्यांची चित्रं आता राष्ट्रीय ठेवा म्हणून संरक्षित आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत.

मेदिनीपूरच्या पिंगला भागातल्या नया गावी चित्रकार आडनावाची कुटुंबं आजही मासा धरलेलं मांजर रंगवतात, कागदावर तसंच साडी आणि किटलीवरही. ते नवं काम म्हणून विकतात, त्यात लपवाछपवी नाही. अडचण येते ती ‘जुना कालीघाट’ म्हणून पुढे केलेल्या कागदाची. भिंगातून रेघ पाहावी. ब्रशची रेघ जाड-बारीक होत जाते आणि तिच्या कडेला कुठेतरी पेन्सिल डोकावते, तर शिळाछापाची रेघ सगळीकडे सारख्याच काळ्या रंगाची असते. जुना कागद कडांना जास्त करपलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवलेला मात्र दोन्ही बाजूंनी एकसारखा तपकिरी होतो. शंका राहिलीच तर अंधारात जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिवा धरावा. कागद निळसर चमकला तर त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन आहे, आणि ते कागदात पडायला लागलं तेव्हा कालीघाटचे पटुआ उरलेले नव्हते.