नेपाळची राजेशाही : मतदानाआधीची सहा वर्षं

२८ मे २००८ च्या रात्री संविधानसभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी नेपाळला प्रजासत्ताक घोषित केलं. गादीचा वचक त्याच्या कितीतरी आधी ओसरला होता. त्याचं मूळ शोधताना बहुतेक जण जून २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडापाशी थांबतात, ज्यात राजा बीरेंद्र आणि त्याचं कुटुंब मारलं गेलं आणि भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आला. मला ४ ऑक्टोबर २००२ ही तारीख जास्त महत्त्वाची वाटते.

शहा घराण्याने १७६८ मध्ये काठमांडू जिंकलं. १८४६ पासून शंभरेक वर्षं राणा घराण्यातल्या पंतप्रधानांनी राजाला नामधारी ठेवलं. १९६० मध्ये राजाने लोकनियुक्त सरकार बरखास्त केलं आणि तीस वर्षांनी जनआंदोलनापुढे नमून घटनात्मक राजेशाही मान्य केली. मागचं एवढं पुरे.

१९९० च्या संविधानात राजाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं होतं. यात राजाचाही फायदाच होता, कारण कारभार फसला तर लोक पंतप्रधानाच्या नावाने बोटं मोडत. त्याच संविधानात कलम १२७ होतं : अंमलबजावणीत अडचण आली तर ती दूर करायला राजाने आदेश काढावा आणि तो संसदेपुढे ठेवावा. मे २००२ मध्ये पंतप्रधानांनी प्रतिनिधी सभाच, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, विसर्जित करवून घेतली. माओवाद्यांचं युद्ध पेटलेलं, नोव्हेंबरची निवडणूक घेणं अवघड. ती वर्षभर पुढे ढकलावी म्हणून ते राजाकडे गेले, तर ४ ऑक्टोबरला राजा ज्ञानेंद्रने त्यांनाच अकार्यक्षम ठरवून काढलं आणि कार्यकारी सत्ता हाती घेतली. आधार दाखवला कलम १२७ चा.

राजाच्या बाजूचे म्हणत, सभागृह नाही, निवडणूक होत नाही, याहून मोठी अडचण ती कोणती? विरोधकांचा सवाल असा की संविधान चालतं करण्यासाठीच्या कलमाने सरकार कसं काय पाडता येतं, आणि विसर्जित सभागृहापुढे आदेश ठेवणार तरी कसा? मला दुसरी बाजू पटते. अर्थात सभागृह विसर्जित करवलं ते निवडून आलेल्या पंतप्रधानानेच, तेही स्वपक्षातल्या भांडणापायी, हे पक्ष सोयीस्कर विसरतात.

पुढे राजाच्या मर्जीतले पंतप्रधान आले नि गेले. १ फेब्रुवारी २००५ ला तर राजा स्वतःच सरकारचा प्रमुख झाला. त्या दिवशी देशभरातले फोन बंद, नेते घरात नजरकैदेत. आता दोष द्यायला मधे कोणीच उरलं नाही. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत पक्ष आणि माओवाद्यांचा बारा कलमी समझोता झाला. एप्रिल २००६ मध्ये संचारबंदी मोडून लोक १९ दिवस रस्त्यावर होते आणि घोषणा थेट राजाविरुद्ध होत्या. २४ एप्रिलच्या रात्री राजाने प्रतिनिधी सभा पुनर्स्थापित केली. २००२ मध्ये विसर्जित झालेली तीच ही सभा.

१८ मे रोजी त्या सभेने सैन्य राजाच्या हातून काढलं, त्याच्या मालमत्तेवर कर लावला, सैन्याच्या नावातला ‘शाही’ शब्दही गाळला. जानेवारी २००७ च्या अंतरिम संविधानाने राजाचं भवितव्य संविधानसभेच्या पहिल्या बैठकीवर सोपवलं होतं. माओवादी सरकारबाहेर पडल्यावर डिसेंबरमध्ये दुरुस्ती करून प्रजासत्ताक आधीच लिहून टाकलं गेलं. पहिल्या बैठकीला उरली ती अंमलबजावणी. संविधानसभेची निवडणूक व्हायच्या आधीच निकाल लिहिणं योग्य होतं का, ही तक्रार राजेशाहीवादी आजही करतात आणि ती पूर्ण पोकळ नाही.

राजवाडा सोडायला १५ दिवसांची मुदत मिळाली. ११ जूनला माजी राजाने वाड्यातच पत्रकार परिषद घेतली, मुकुट आणि राजदंड सरकारच्या हवाली केल्याचं सांगितलं आणि तो काठमांडूजवळच्या नागार्जुनच्या निवासस्थानी राहायला गेला. हद्दपारी नाही, खटला नाही. मार्च २०२५ मध्ये काठमांडूत राजाला परत आणण्यासाठी मोर्चे निघाले, तेव्हा रोख पक्षांच्या भ्रष्टाचारावर होता; कलम १२७ कोणाच्या फारसं लक्षात नव्हतं.