घशातला कफ आणि खाकरण्याची सवय

आमच्या घरातली सकाळ बाबांच्या खाकरण्याने सुरू व्हायची. बेसिनपाशी उभं राहून पाच-दहा मिनिटं नुसतं खाकरणं. "काहीतरी चिकटलंय, सुटतच नाही," असं म्हणत ते पुन्हा जोर लावायचे. बाहेर पडायचा तो जेमतेम चिमूटभर पातळ, पांढरा कफ.

हा कफ शरीराचा शत्रू नाही. नाकाचं अस्तर दिवसभर तो तयार करतं. त्यात बहुतेक पाणीच असतं, बाकी म्युसिन नावाची चिकट प्रथिनं, क्षार आणि जंतूंशी लढणारे घटक. धूळ, परागकण, जंतू त्यात अडकतात. अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलून तो घशाकडे ढकलतात आणि आपण नकळत गिळून टाकतो. नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा बारीक कण ठेवला, तर बहुतेकांना दहा-पंधरा मिनिटांत घशात गोड चव लागते. हे केस नीट काम करतात की नाही हे पाहायला डॉक्टर हीच चाचणी वापरत आले आहेत.

म्हणजे कफ घशात उतरणारच. तो जाणवू लागतो तो दाट झाल्यावर, जास्त झाल्यावर किंवा घसाच हुळहुळा झाल्यावर. हे तिसरं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. जोरात खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, तिथे सूज येते. सुजलेली जागा काहीतरी अडकल्यासारखी वाटते, तिच्या रक्षणासाठी आणखी कफ सुटतो आणि माणूस पुन्हा खाकरतो. बाबांचं नेमकं हेच चाललं होतं.

ही साखळी तोडायला त्यांनी पाण्याची बाटली जवळ ठेवली. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी, किंवा नुसता आवंढा गिळायचा. पहिला आठवडा त्यांना जड गेला.

मूळ कारण मात्र शोधावंच लागतं. धुळीची ॲलर्जी आणि सायनसची सूज नेहमीचीच. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होणाऱ्यांच्या पोटातलं आम्ल घशापर्यंत येऊ शकतं, आणि छातीत जळजळ अजिबात नसतानाही. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवून बघा. विडी-सिगारेटच्या धुराने ते सूक्ष्म केसच मंदावतात. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येऊन घसा खवखवतो. पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

दुधाला मात्र उगाच बोल लावला जातो. ऑस्ट्रेलियात सर्दीच्या विषाणूची लागण करवलेल्या स्वयंसेवकांवर अभ्यास झाला, तो १९९० साली प्रसिद्ध झाला. दूध जास्त पिणाऱ्यांचा शेंबूड वाढलेला आढळला नाही. दूध लाळेत मिसळून क्षणभर दाट लागतं, इतकंच.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, म्हणजे जलनेतीचा, बऱ्याच जणांना उपयोग होतो. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. त्यातला अमिबा क्वचित, पण मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. नाक मोकळं करणारे औषधी थेंब तीन-चार दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं.

कफात रक्त, गिळताना त्रास, मानेत गाठ, वजन घटणं, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. आणि नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहायला कान-नाक-घसा तज्ज्ञांना काही मिनिटंच लागतात.